शेवटची बस गेल्यावर : जपानच्या लहान गावांतल्या मुक्कामाचे अनुभव

तोक्यो, क्योतो, ओसाका करून आलेल्यांची वर्णनं आता ढिगाने वाचायला मिळतात. इथे ती नकोत. ज्या स्टेशनात मास्तर नाही, राहायची जागा म्हणजे कुणाचं तरी घर आणि दुकानं पाचलाच बंद, अशा गावात मुक्काम केलेल्यांनी लिहा. दिवसा काय पाहिलं ते थोडक्यात चालेल. मला उत्सुकता आहे ती संध्याकाळची. शेवटची बस गेल्यावर काय केलंत? जेवलात कुठे, कुणाशी बोललात? कंटाळला असाल तर तेही बिनधास्त लिहा.

मी त्सुमागोपासून सुरुवात करते. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, आणि क्योतो यांना डोंगरातून जोडणारा नाकासेन्दो नावाचा जुना रस्ता होता. त्यावर मुक्कामाची 69 ठाणी. त्यातलं 42वं त्सुमागो, 43वं मागोमे. या दोघांमधली साधारण 8 किलोमीटरची वाट आजही चालता येते. मागोमेकडून निघालात तर चढ कमी लागतो. जड बॅग एका गावच्या माहिती केंद्रात सकाळी द्यायची, दुसऱ्या गावात दुपारी घ्यायची. ही सोय बारमाही नाही, त्यामुळे तारखा आधी बघून ठेवा. वाटेत जागोजागी घंटा टांगलेल्या आहेत. जोरात वाजवायची, की माणूस येतोय हे अस्वलाला कळतं. मध्ये एका जुन्या घरात चहा फुकट मिळतो, पेटीत हवे तेवढे पैसे टाकायचे.

रेल्वे आणि नवे रस्ते दुसरीकडून गेले आणि त्सुमागो ओस पडत गेलं. मग गावकऱ्यांनीच मनावर घेतलं आणि 1971 मध्ये लिहून ठेवलं: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. मुख्य रस्त्यावर विजेच्या तारा दिसत नाहीत, दिवसा गाड्यांना मज्जाव. काहींना हा सगळा देखावा वाटतो. मला नाही वाटत, कारण त्या लाकडी जाळ्यांच्या मागे माणसं खरंच राहतात. साडेचारला दिवसभराचे पाहुणे गेले आणि रस्ता एकदम गावाचा झाला. एक आजी दारातल्या कुंड्या आत घेत होत्या, पोस्टमन स्कूटर ढकलत चालला होता. आमच्या मिन्शुकुत, म्हणजे घरगुती मुक्कामाच्या जागी, जेवण सहाला म्हणजे सहाला. त्याआधी अंघोळ उरकायची, युकाता, म्हणजे सुती किमोनो, घालून बसायचं. युकाताची डावी बाजू वर हवी. उजवी वर घेतली तर घरमालकीण धावत येऊन बदलते, कारण तसं मृताला नेसवतात. साडेआठला फुतोनवर, म्हणजे जमिनीवरच्या गादीवर, आडवे झालो. एरवी मला बारापर्यंत झोप येत नाही.

नागपूरहून

आमचं कारण वेगळं होतं. वाकायामातल्या कोयासानला विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे. 2015 मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं होतं. वडिलांना तिथे उभं राहायचं होतं. केबल कारने वर जायचं आणि पुढे बस. गाव डोंगरमाथ्यावर, शंभरावर मंदिरांचं. 816 साली कूकाई या भिक्षूला ही जागा मिळाली, शिंगोन या बौद्ध पंथाचं हे मुख्य ठिकाण. वडील पुतळ्यापाशी बराच वेळ होते. फोटो काढू का विचारलं तर थांब म्हणाले. तिथे आणखी कुणी नव्हतं.

मुक्काम मंदिरातच, त्याला शुकुबो म्हणतात. संध्याकाळचं जेवण साडेपाचला! भिक्षूने ताटं खोलीत आणून दिली: तिळाचं गोमादोफू, गोठवून वाळवलेलं टोफू म्हणजे कोयादोफू, रानभाज्या, भात. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. बाबांना आवडलं, मला दोन तासांनी पुन्हा भूक लागली (बिस्किटं सोबत ठेवा).

अंधार पडल्यावर ओकुनोइनला गेलो. देवदारासारख्या उंच सुगी वृक्षांमधून दोनेक किलोमीटर वाट आणि दोन्ही बाजूंना 2 लाखांहून जास्त समाध्या. सामुराईंच्या शेजारी आजकालच्या कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी उभारलेल्या. कित्येक दगडांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं. टोकाला कूकाईची समाधी. तो गेलेला नाही, ध्यानात बसलाय अशी श्रद्धा, म्हणून आजही रोज दोन वेळा त्याच्यासाठी जेवण नेतात. पहाटे मंदिरात होम होता, अग्नीत समिधा पडत होत्या आणि ढोल घुमत होता. बाबा म्हणाले, "बुद्धाच्या घरी होम? हे मला काही पटलं नाही." परतीच्या गाडीत आमचा यावरच वाद चालला होता.

नागोयात राहतो, मूळ साताऱ्याजवळचा

शिराकावा-गोला गर्दी फार, म्हणून मी पाहुण्यांना गोकायामाला नेतो. दोन्ही 1995 पासून जागतिक वारशात आहेत. आइनोकुरा ही वाडी वीसेक घरांची. गवताची छपरं साठ अंशांच्या आसपास उभी, म्हणजे बर्फ साचून राहू नये. वरच्या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे आणि खाली जमिनीत खड्डे करून बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करायचे. तो कागाच्या सरदारांकडे जायचा. इतकं आडबाजूचं खोरं त्यांना सोयीचंच होतं, गुपित बाहेर जात नव्हतं. छप्पर शाकारायला पूर्वी सगळा गाव जमायचा, आमच्या आजोळी इर्जिक घालायचे तसाच.

संध्याकाळ इरोरीभोवती, म्हणजे जमिनीतल्या चुलखंडाभोवती. काठीला टोचलेला इवाना मासा निखाऱ्यापाशी भाजत होता. धुराने डोळे चुरचुरतात, पण त्याच धुराने वरचं गवत आणि दोरखंड टिकतात. घरमालक बोलका निघाला. पण अर्ध्या गप्पा बर्फावरच: कोणत्या वर्षी किती पडला, छपरावर कोण चढलं, कोणाचा पाय मोडला. जानेवारीत जाणाऱ्यांनी बसच्या वेळा छापून घ्याव्यात.

कोल्हापूरहून

मी जरा उलट लिहितो. शिकोकू बेटावरच्या इया खोऱ्यात नागोरो नावाचं गाव आहे, "बाहुल्यांचं गाव" म्हणून प्रसिद्ध. त्सुकिमी आयानो या बाई वडिलांकडे गावी परतल्या. शेतातल्या पाखरांसाठी त्यांनी बुजगावणं केलं, ते वडिलांसारखं दिसायला लागलं. मग गेलेल्या, गाव सोडलेल्या माणसांच्या बाहुल्या त्या करत गेल्या. आता माणसांपेक्षा बाहुल्या कितीतरी जास्त. 2012 मध्ये शाळा बंद पडली, वर्गात बाहुल्या बसल्यात.

मला तिथे करमलं नाही. बाईंच्या कामाबद्दल आदर आहे. पण गाड्यांतून उतरणारे लोक बाहुलीच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात आणि दहा मिनिटांत निघतात, ते बघवेना. आमच्या गगनबावड्याकडे ओस वाड्या कमी नाहीत, त्यांच्यापुढे कोणी असं उभं राहिलं तर आपल्याला कसं वाटेल? खाली वेलींचा काझुराबाशी पूल आहे, तो दर तीन वर्षांनी नव्याने बांधतात. त्यावर मात्र मजा आली, पायाखालच्या फटींतून नदी दिसते.

पुण्याहून

बाईंनी ते स्वतःच सुरू केलं ना? पाहायला येणाऱ्यांमुळे तिथे निदान कोणीतरी येतं. असो.

शाळेवरून आठवलं. ओकायामातल्या फुकियाची लाकडी शाळा, शंभराहून जास्त वर्षं वापरात असलेली, तीही 2012 लाच बंद झाली. पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएनवरून केलंय ते ओकायामा शहरात आहे, तिथून ट्रेनने ताकाहाशीला उतरायचं. डोंगरावर 430 मीटरवर बित्चू मात्सुयामा किल्ला आहे, त्याचा "किल्लेदार" सांजुरो नावाचा बोका. पुढे बसने फुकिया. तांबूस रंगद्रव्याच्या धंद्यावर श्रीमंत झालेलं गाव, भिंती आणि कौलं सगळीच लालसर. परतीच्या बस मोजक्याच.

पाच वाजता भोंग्यावर बालगीताची धून लागली. मी दचकले, दुकानातल्या काकू हसल्या. भूकंप-पुराच्या इशाऱ्यासाठी जे भोंगे बसवलेत ते चालू आहेत ना, हे यातून रोज तपासलं जातं आणि मुलांना घरी जायची वेळही कळते. मला जपानी येतं, त्यामुळे काकूंनी मग अर्धा तास मला सोडलं नाही. पुण्यात इतके लोक जपानी शिकतात यावर त्यांचा विश्वास बसेना.

"वनमॅन" गाडीबद्दल: एकटा ड्रायव्हर असतो. बहुतेक ठिकाणी मागच्या दाराने चढायचं, आकडा छापलेली चिठ्ठी घ्यायची, समोरच्या फलकावर त्या आकड्याखाली भाडं बघायचं, उतरताना पुढच्या दाराने पैसे टाकायचे. कार्ड कित्येक मार्गांवर चालत नाही. सुटे तिथल्याच यंत्रात मिळतात.

सोलापूरहून

शाकाहारी माणसाने जावं का? आणि तिथे रिकामी घरं कवडीमोलाने मिळतात म्हणे, कोणी घेतलंय का?

नागोयात राहतो, मूळ साताऱ्याजवळचा

जा, पण मिन्शुकुला बुकिंग करतानाच लिहा. "मासे नको" एवढं पुरत नाही. भाजीत, मिसो सूपमध्ये, सगळीकडे दाशी नावाचं सार असतं आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाचं. "माशाचं दाशीही नको" असं स्पष्ट सांगा. आयत्या वेळी सांगितलंत तर बिचारे ओशाळतात आणि तुमच्यापुढे भात-लोणचं येतं. रस्त्याकडेला बिनमाणसाच्या टपऱ्यांवर 100 येनला काकड्या, टोमॅटो मिळतात, पैसे डब्यात टाकायचे.

घरांचं म्हणाल तर 2023 च्या सरकारी पाहणीत देशभरात सुमारे 90 लाख घरं रिकामी निघाली, तेव्हा मिळतात हे खरं. पण घर घेतलं म्हणून व्हिसा मिळत नाही. दुरुस्ती, कर, गावसभेची वर्गणी, नाल्या उपसायची पाळी हे सगळं आलंच. आणि गोकायामाकडे घेणार असाल तर छपरावरचा बर्फ कोण काढणार ते आधी ठरवा.