पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ): कापड नवं, क्यू (खेळायची काठी) नवा, हात जुना. मदत हवी आहे

मंडळी, मी सांगलीचा. कॉलेजात असताना गावभागात तळमजल्यावरच्या एका पार्लरमध्ये तासावर पैसे देऊन खेळायचो. टेबलावरचं कापड जाड, लव उठलेलं, त्यात पावसाळी दमट हवा. बॉल पलीकडच्या कुशनला (टेबलाच्या रबरी काठाला) न्यायचा तर हाणावाच लागायचा. २००५ च्या पुरात पार्लर पाण्यात गेलं आणि माझा खेळही सुटला.

गेल्या महिन्यात भाचा विश्रामबागेतल्या एका पार्लरमध्ये घेऊन गेला. तिथलं कापड एकदम गुळगुळीत. पहिलाच शॉट सवयीनं मारला. बॉल गेला पॉकेटात आणि ज्याला क्यूनं मारतो तो पांढरा बॉल तीन कुशन हिंडून त्याच्या मागोमाग. पोरं म्हणाली, "मामा, स्टाइल जुनी आहे तुमची."

आता जुनी म्हणजे कुठली? अमेरिकेचा जुना चॅम्पियन विली मोस्कोनी, त्यानं १९५४ मध्ये ८ फुटी टेबलावर सलग ५२६ बॉल घातले, ते स्ट्रेट पूल या प्रकारात. तिथं कुठलाही बॉल सांगून घालता येतो, त्यामुळे पांढरा वीतभर सरकला तरी भागतं. पुढं नाइन-बॉल या प्रकाराचा जमाना आला. त्यात सगळ्यात लहान नंबरलाच आधी लागायला हवं, म्हणजे पांढऱ्याला टेबलभर फिरवणं आलं. एका फाउलवर समोरच्याला पांढरा बॉल हातात घेऊन हवा तिथं ठेवायला मिळायला लागला, तशी सेफ्टी (समोरच्याला अडचणीत टाकणारा शॉट) धारदार झाली. पांढरा आधी कुशनवर मारून अशा अडचणीतनं सुटण्यात फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसचा हात धरणारा कुणी नव्हता. आमचं हाणणं यातल्या कशातच बसत नाही. ती स्टाइल नव्हती हो, कापडाची मजबुरी होती!

खरी अडचण पुढंच आहे. भाच्याचा क्यू कार्बन फायबरचा. उजवी साइड लावली (पांढऱ्याला मध्याच्या उजवीकडे मारून फिरकी दिली) की पांढरा जरा डावीकडे सुटतो, म्हणून मी कायम किंचित उजवीकडे नेम धरतो. लाकडी क्यूवर बरोबर बसायचं. कार्बनवर पांढरा फारसा सुटतच नाही आणि बॉल पॉकेटच्या तोंडाशी खडखडून बाहेर येतो. साइड न लावता सगळं पडतं.

जुन्या लाकडी क्यूला नवी टिप (टोकाची चामडी टोपी) बसवून चालवावा, की नेमच नव्यानं शिकावा?

प्रतिसाद १:
कार्बनचा पुढचा भाग पोकळ आणि हलका असतो, पांढऱ्याला आडवा कमी ढकलतो. नेम नव्यानंच शिका, पण दोन क्यू आलटून पालटून वापरू नका. आठवडाभर साइड बंद, फक्त मध्यावर वर-खाली मारा. त्या कापडावर तेवढ्यातही पोझिशन मिळते. ब्रेकला (डावाच्या सुरुवातीच्या जोरदार शॉटला) मात्र भाच्याचा क्यू मागू नका.

धागाकर्ता:
आभार. ब्रेकला कालच घेतला होता. टिप उडाली.