‘लाइव्ह’ जॅझ, रेडिओ आणि ‘थेट’ हा शब्द

प्रश्न

दादरच्या आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा संगीत ऐकण्याची बैठक भरते. पुढच्या बैठकीचा विषय आहे ‘जॅझसेट’, अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओवर १९९२ ते २०१४ या काळात दर आठवड्याला लागणारा कार्यक्रम. सुरुवातीला सॅक्सोफोनवादक ब्रॅन्फर्ड मार्सालिस आणि २००१पासून गायिका डी डी ब्रिजवॉटर तो सादर करत. क्लबांत, महोत्सवांत, मोठ्या सभागृहांत वाजलेलं जॅझ त्यात ऐकवलं जाई. फलकावर मी ‘जॅझ मैफलींचे थेट प्रक्षेपण’ असं लिहिलं. एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली की कार्यक्रम आधी ध्वनिमुद्रित व्हायचा, मग तो ‘थेट’ कसा? पण सगळे तर त्याला लाइव्हच म्हणतात. मराठीत काय लिहावं?

प्रतिसाद

त्या सभासदांची हरकत बरोबर आहे आणि ती घेतली हे फार चांगलं झालं. ‘लाइव्ह’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी भरलेल्या आहेत. एक, वादक श्रोत्यांसमोर वाजवत आहेत, स्टुडिओत तुकडे जोडून काही केलेलं नाही. दोन, ते वाजवत आहेत त्याच क्षणी आपण ऐकत आहोत. ‘थेट’ हा शब्द फक्त दुसरी गोष्ट सांगतो. थेट म्हणजे मध्ये काही नाही, वेळही नाही. वानखेडेवरचा सामना थेट असतो. तोच रात्री पुन्हा दाखवला की थेट राहत नाही, जरी मैदानात प्रेक्षक भरपूर असले तरी.

पहिली गोष्ट सांगायला आकाशवाणीने फार पूर्वीच नेमके शब्द वापरले आहेत. १९५४ साली सुरू झालेल्या आकाशवाणी संगीत संमेलनाची पद्धत अशी की सभागृहात श्रोत्यांना निमंत्रण देऊन मैफल भरवायची, ध्वनिमुद्रण करायचं आणि ते नंतर ठरल्या रात्री ऐकवायचं. उद्घोषणेत ‘निमंत्रित श्रोत्यांसमोर झालेल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण’ असं सांगितलं जाई. यात काहीही लपवलेलं नाही आणि काही वाढवलेलंही नाही. हीच रचना ‘जॅझसेट’ला लागू पडते, फक्त श्रोते निमंत्रित नसून बहुतेकदा तिकीट काढून आलेले असत.

जॅझमध्ये हा फरक जपायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण खरोखरच ‘थेट’ असलेलं जॅझ रेडिओवर पुष्कळ झालेलं आहे आणि त्याचा इतिहास वेगळा आहे. १९२७च्या शेवटी पियानोवादक आणि वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टन न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये वाजवू लागला आणि तिथून तारेने रेडिओ केंद्राकडे जाणाऱ्या त्या संगीतामुळे त्याचं नाव देशभर पोचलं. १९३४-३५मध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनचा वाद्यवृंद दर शनिवारी रात्री रेडिओवर वाजत असे. त्याची पाळी न्यूयॉर्कच्या वेळेनुसार मध्यरात्रीनंतर येई, तिथले बरेच लोक झोपलेले. कॅलिफोर्नियात मात्र तेव्हा रात्र नुकती सुरू झालेली असे, त्यामुळे तिकडची तरुण मंडळी ते ऐकत. पुढे ऑगस्ट १९३५मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलोमार नृत्यगृहात या वाद्यवृंदाला जो अफाट प्रतिसाद मिळाला, त्याचं एक कारण हे सांगितलं जातं. ‘थेट’चा परिणाम म्हणजे काय, तर हे. ध्वनिमुद्रण करून सोयीच्या वेळी लावलं असतं तर ही गोष्ट अशी घडली नसती.

आणखी एक उदाहरण. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२पासून तबकड्यांसाठी वाजवणं बंद केलं होतं. सगळ्या मोठ्या कंपन्यांशी समेट व्हायला दोन वर्षांहून जास्त काळ गेला. १९४८मध्ये पुन्हा तशीच बंदी आली. रेडिओवर वाजवायला मात्र आडकाठी नव्हती. त्याच १९४८च्या अखेरीपासून पुढच्या मार्चपर्यंत सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबमधून जवळजवळ दर आठवड्याला रेडिओवर ऐकू येई. निवेदक होता सिम्फनी सिड, तो कधीकधी सुरांवरच बोलत सुटे. रेडिओवरून टिपून ठेवलेलं ते वादन आज आपल्याला ऐकायला मिळतं. ते तेव्हा थेट होतं, आज नाही. श्रोत्यांसमोरचं मात्र ते तेव्हाही होतं आणि आजही आहे. दोन अर्थ वेगळे ठेवले की हे एका वाक्यात सांगता येतं.

पुन्हा विचारणा

मग ‘जिवंत मैफल’ कसं वाटतं? वर्तमानपत्रांत ‘जिवंत संगीत’ वाचलं आहे.

प्रतिसाद

मराठीत ‘जिवंत’ला त्याची जागा आहे. गणेशोत्सवात ‘जिवंत देखावा’ म्हणतात, कारण शेजारच्या मंडळात पुतळे किंवा यंत्रावर हलणाऱ्या आकृत्या असतात आणि इथे खरी माणसं उभी असतात. म्हणजे समोर निर्जीव पर्याय असला की ‘जिवंत’ शोभतं. लग्नाच्या हॉलमध्ये रेकॉर्ड लावणार की वादक बसणार, असा प्रश्न असेल तर ‘जिवंत संगीत’ चालेल. पण मैफल कधी निर्जीव नसतेच, म्हणून ‘जिवंत मैफल’ कानाला खटकतं. नुसतं ‘मैफल’ म्हटलं की श्रोते आले, दाद आली, साथसंगत आली.

दुसऱ्या एका वाचकाचा आक्षेप

मैफल म्हणजे गादी-तक्क्यांची, ख्याल-ठुमरीची. ट्रम्पेट आणि ड्रमला मैफल म्हणणं ओढाताणीचं वाटतं. ‘जलसा’ का नको?

प्रतिसाद

‘जलसा’ जुना आणि उत्तम शब्द आहे. तिकीट लावून होणाऱ्या गाण्यांना एकेकाळी जलसाच म्हणत. पण महाराष्ट्रात, आणि मुंबईच्या चाळींत तर विशेष, जलसा म्हटलं की सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलसे आठवतात, आणि तो अर्थ इतका मोलाचा आहे की त्याला धक्का लावू नये.

मैफलीबद्दल मी एवढंच म्हणेन की बैठकीचा आकार पाहून ठरवा. रॉयल रूस्टसारख्या क्लबात चार-पाच वादक, पुढच्या टेबलावरचा श्रोता हात लांब केला तर वादकाला लागेल, एकाचं वादन संपलं की चीज चालू असतानाच टाळ्या पडतात. याला मैफलीहून जवळचा शब्द नाही. पियानोवादक दुसऱ्याच्या वादनामागे जे करतो त्याला ते लोक ‘कॉम्पिंग’ म्हणतात, तीही आपली संगतच. मात्र हजारोंच्या उघड्या मैदानातल्या कार्यक्रमाला मैफल म्हणू नका, तिथे ‘महोत्सव’ बरा. आपल्याच शहराने याहून सुंदर नाव दिलं आहे. १९७८ साली धोबीतलावच्या रंगभवनात निरंजन झवेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो महोत्सव भरवला त्याचं नाव ‘जॅझ यात्रा’. अमेरिकेचा सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स त्यात वाजवून गेला. यात्रेत लांबून येणं आहे, श्रद्धा आहे आणि गर्दीही आहे.

मूळ प्रश्नकर्ता

छान उलगडलं. ‘बँड’ लिहू की ‘वाद्यवृंद’? आणि ‘प्रक्षेपण’ की ‘प्रसारण’?

प्रतिसाद

रेडिओसाठी ‘प्रसारण’ लिहा. ‘प्रक्षेपण’ चूक नाही, पण ते आता टीव्ही आणि अग्निबाणांनी घेतलं आहे. होस्टला ‘निवेदक’ म्हणा, ‘यजमान’ तर मुळीच नको.

‘बँड’ची अडचण अशी की आपल्याकडे तो लग्नाच्या वरातीत असतो, आणि ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की सिनेगीतांचा रंगमंचीय कार्यक्रम. पंधरा-सोळा वादकांचा ताफा असेल तर ‘वाद्यवृंद’ शोभतो, चौघांसाठी तो भारदस्त होतो, तिथे ‘चौघांचा संच’ म्हणा. पण मुंबईच्या जॅझबद्दल लिहिताना मी ‘बँड’च ठेवेन. ताजमहाल हॉटेलात वाजवणारा गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्याच्यासारखे किती तरी वादक स्वतःच्या ताफ्याला बँडच म्हणत, आणि तेच वादक दिवसा सी. रामचंद्रांसारख्या संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत बसत. त्यांचा शब्द त्यांना ठेवू द्या.

तुमच्या फलकासाठी माझी सूचना: ‘श्रोत्यांसमोर वाजलेलं जॅझ, दर आठवड्याला रेडिओवर’. ‘थेट’ काढून टाका.

जाता जाता एक सांगतो, कारण बैठकीत हा घोटाळा हमखास होईल. निवेदकाच्या तोंडी ‘कोरस’ हा शब्द सारखा येईल. तिथे त्याचा अर्थ समूहगान नव्हे. गाण्याचा आराखडा एकदा पूर्ण फिरला की तो एक कोरस. ब्लूज या गानप्रकारात तो बहुधा १२ ‘बार’चा असतो. बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचा एक तुकडा; एका बारमध्ये चार ठोके धरले तर ४८ मात्रा. पुष्कळ गाण्यांत कोरस ३२ ‘बार’चा. ‘पार्करने तीन कोरस घेतले’ याचं सरळ मराठी ‘पार्करने तीन आवर्तनं वाजवली’. बैठकीला तबला शिकणारं कोणी असेल तर त्यांना बोटांवर मोजायला सांगा, दुसऱ्या आवर्तनापर्यंत सगळ्यांना सम सापडेल.