मदत हवी आहे: भूकंपाच्या रेकॉर्डवर एस लहर (पी या पहिल्या, वेगवान लहरीनंतर येणारी हळू लहर) नेमकी कुठे धरायची?

घरी बनवलेला सिस्मोमीटर (भूकंपमापक) आहे, 4.5 हर्ट्झचा एकच उभा जिओफोन, म्हणजे जमिनीची फक्त वर-खाली हालचाल टिपणारा सेन्सर, सेकंदाला 100 सॅम्पल, तळमजल्याच्या फरशीवर ठेवलाय. परवा एक भूकंप चांगला पकडला पण अंतर काही जुळेना. पी आणि एस येण्याच्या वेळांमधला फरक 24 सेकंद आला, सेकंदाला सुमारे 8 किमी या ढोबळ नियमाने 8 ने गुणून साधारण 190 किमी, आणि अधिकृत यादीतल्या केंद्रापासून मोजलं तर 240, म्हणजे फरक 30 सेकंदांच्या आसपास यायला हवा होता.

1 ते 10 हर्ट्झचा फिल्टर लावून झाला, स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार कंपनसंख्या दाखवणारं चित्र) पण बघितला. घड्याळ चुकल्याचं सांगू नका, वजाबाकीत ते उडूनच जातं. भूकंपाची खोली यादीत 10 किमी आहे त्यामुळे तिचाही दोष वाटत नाही. पी चा झटका अगदी सुईसारखा दिसतो, पण एस त्याच्या शेपटीत मिसळलेली, मी आपली जिथे रेघ जाडसर होते तिथे खूण केली.

आता शंका अशी की या अंतरावर मोहोखालून (पृथ्वीच्या कवचाच्या तळाच्या सीमेखालून) येणारी बारीक पी लहर, पीएन, आधी येते ना, ती घरातल्या गोंगाटात बुडाली आणि मी नंतरची, कवचातूनच येणारी पीजी धरली, किंवा एसएनलाच एसजी (एस लहरीचे तसेच दोन प्रकार) समजलो. आडवा जिओफोन सध्या घेता येणार नाही, तर नुसत्या उभ्या रेकॉर्डवरून हे दोन्ही वेगळे ओळखायचे कसे?