रोड सायकलच्या टायरमध्ये हवा किती भरावी?

प्रश्न (खानापूर)

नमस्कार. माझे वजन 74 किलो, सायकल 10 किलोची, टायर 28 मिलिमीटरचे आणि आत साधी ब्यूटाइल ट्यूब आहे. टायरच्या कडेवर कमाल 115 पीएसआय असे छापलेले असल्यामुळे मी 110 भरतो. महामार्गावर संकेश्वरपर्यंत काही जाणवत नाही, परंतु जांबोटीवरून चोर्ल्याच्या दिशेने गेलो की हातांना मुंग्या येतात आणि पावसात उतारावरच्या वळणाला मागचे चाक घसरते. हवा कमी केली तर वेग पडेल, असे सगळेच सांगतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (बेळगाव)

कडेवरचा आकडा ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे. गुळगुळीत पोलादी ढोलावर टायर फिरवून मोजले, तर दाब वाढेल तसा टायर फिरण्याला होणारा रोध कमी होत जातो, हे खरे आहे. पण आपल्याकडच्या खडी उघड्या पडलेल्या डांबरावर फार कडक टायर प्रत्येक खड्याबरोबर सायकलस्वारासकट सगळी सायकल उचलतो, आणि पुढे जाण्यासाठी लावलेली ताकद त्या हादऱ्यांत जिरते. वेग पडतो तो तिथेच.

भार पडल्यावर टायर आपल्या उंचीच्या सुमारे 15 टक्के दबावा, असा सायकलविषयक तांत्रिक लेखक फ्रँक बर्टो यांचा ठोकताळा आहे. मागच्या चाकावर साधारण 55 टक्के भार धरला, तर आपल्यासाठी मागे 73 पीएसआयच्या आसपास येतात. पुढे हिशेबाने 60 च येतात, पण खड्डे पाहता मी 65 पासून सुरुवात करीन. पावसात दोन्हीकडे चार-पाचने आणखी उतरावे. टायर रस्त्याला अधिक टेकतो आणि वळणावरची पकड सुधारते.

उत्तर (निपाणी)

वरील मताशी मी सहमत आहे, मात्र पावसात पाण्याखालचा खड्डा दिसत नसल्याने फार खाली उतरू नये. पंक्चर काढताना ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा दिसल्या, तर ट्यूब रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटली गेली असे समजावे आणि त्या चाकात पाचेक पीएसआय वाढवावेत. एकच छिद्र असेल, तर दोष दाबाचा नसून काट्याचा किंवा काचेचा असतो. अशा वेळी टायरच्या आतून बोट फिरवून तो शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये.

रिम हुकलेस, म्हणजे टायरची कड अडकवणारा आतला बाक नसलेली, आहे का, तेही पाहावे. तशा रिमवर 5 बार, म्हणजे सुमारे 72 पीएसआय, हीच कमाल मर्यादा असते, त्यामुळे मागचे 73 तिथे चालणार नाहीत.

प्रश्नकर्ता

रिम हुकची आहे. उन्हाळ्यात दुपारी दाब वाढतो, तो धरावा का?

उत्तर (बेळगाव)

सकाळी 20 अंशांत भरलेले 70 पीएसआय 35 अंशांत साधारण 74 होतात. एवढ्यासाठी वाटेत हवा सोडू नये. त्यापेक्षा दर वेळी एकाच पंपाच्या काट्यावर मोजावे, कारण दोन पंपांचे काटे क्वचितच जुळतात.