शिगम्याचं लाइव्ह लांबलं की प्लेआउट ऑटोमेशनचं काय करायचं?

फोंडा_एमसीआर
नमस्कार मंडळी. लोकल केबल चॅनल आहे, रात्रपाळीला मास्टर कंट्रोलमध्ये (एमसीआर, जिथून चॅनल ऑन एअर जातं) मी एकटा, बाकी सगळं ऑटोमेशन, म्हणजे यादीप्रमाणे सिस्टिमच कार्यक्रम लावते. शिगम्याच्या मिरवणुकीचं लाइव्ह ६ ते ९ असं वरून शेड्यूल होऊन आलं, पण नारळ फुटायलाच पावणेआठ वाजले, तोवर रिकामा रस्ता ऑन एअर, आणि ९ च्या ठोक्याला रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत जाणारी पथकं) ऐन रंगात असताना सिस्टिमने कापून बातम्या लावल्या. लोकांचे फोनवर फोन! ती पोरं कितीतरी दिवस तालीम करतात हो, त्यांचंच पथक अर्ध्यात कापलं गेलं. आता दिवाळीआधीची नरकासुराची रात्र येईल, ती तर पहाटेपर्यंत चालते. तुम्ही हे कसं सांभाळता?

टेपवाला_म्हापसा
बाब, बातम्यांना फिक्स टाइम लावलेला असणार, म्हणून असं झालं. फिक्स टाइमचा इव्हेंट (यादीतली नोंद) आधीचं काय चाललंय ते बघत नाही, वेळ झाली की कापतो. लाइव्हचा शेवट मॅन्युअल ठेवा, म्हणजे तीन तास संपले तरी सिस्टिम होल्डवर थांबेल, आणि त्याच्या मागचं सगळं फॉलोवर टाका, एक संपलं की दुसरं. फिक्स टाइम फक्त एकाच ठिकाणी, लाइव्ह कितीही लांबलं तरी पोचणार नाही अशा लांबच्या वेळेला. बातम्या स्टुडिओतून लाइव्ह असतील तर अँकरला थांबवता येतं, रेकॉर्डेड असतील तर प्रश्नच नाही.

सुरुवातही मॅन्युअलच. आधी गेल्या वर्षीच्या चित्ररथांचं, घोडेमोडणीच्या नाचाचं फुटेज लूपवर ठेवा, नारळ फुटला की टेक, म्हणजे बटण दाबून लाइव्हवर जायचं.

आणि लाइव्हनंतरचा कुठला रिपीट कार्यक्रम उडवायचा ते दुपारीच लिहून घ्या. २० मिनिटं लांबलं तर अर्ध्या तासाचा रिपीट काढायचा, उरलेली १० मिनिटं फिलरने भरायची. रात्री एकट्याने हा हिशोब करायला लागलात की गोंधळ होतोच. फिलर ३० सेकंदांपासून ५ मिनिटांपर्यंत वेगवेगळ्या लांबीचे ठेवा, शेवटचा मात्र बिनशब्दांचा, घुमट-शामेळ वगैरे वाद्यांचा, मध्येच कापला गेला तरी खटकत नाही.

ट्रॅफिक_डेस्क_पणजी
जाहिरातींचं कुणी बोललं नाही. लाइव्ह एकसंध न टाकता तुकडे करा, लाइव्ह एक, ब्रेक, लाइव्ह दोन, ब्रेक, प्रत्येक लाइव्हचा शेवट मॅन्युअल आणि ब्रेक संपला की आपोआप परत लाइव्ह. दोन पथकांच्या मधल्या मोकळ्या जागेत ब्रेक घेता येतो. पण तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे, १० मिनिटं जाहिराती आणि २ मिनिटं चॅनलचे स्वतःचे प्रोमो, आणि तो घड्याळाचा तास. सरकलेले ब्रेक पुढच्या तासात गेले की तिथले आधीचे धरून मर्यादा ओलांडली जाते, हे पटकन लक्षात येत नाही. कुठली जाहिरात ठरल्या वेळेलाच विकलीय आणि कुठली सरकली तरी चालते ते आमच्याकडून, म्हणजे जाहिरातींचं वेळापत्रक लावणाऱ्या ट्रॅफिककडून, आधीच मार्क करून मागून घ्या. सकाळी अ‍ॅज-रन लॉगवरून (प्रत्यक्ष ऑन एअर गेल्याची नोंद) काय लागलं ते आम्ही जुळवतो.

फोंडा_एमसीआर
खूप आभार दोघांचेही. लांबची फिक्स वेळ १० ची ठेवली तर? दहानंतर लाउडस्पीकर बंदच ना?

ओबी_मडगांव
१० वर विसंबू नका. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत सण-उत्सवांसाठी वर्षातले १५ दिवसांपर्यंत रात्री १२ पर्यंत सूट देता येते. समितीला परवानगी किती वाजेपर्यंतची मिळालीय ते त्यांनाच विचारा. फातोर्ड्याच्या फुटबॉल मॅचचा शेवट साधारण माहीत असतो, मिरवणुकीत किती पथकं उरलीत ते फक्त जागेवरच्या माणसाला कळतं, म्हणून आमच्या ओबी टीममधल्या (जागेवरून लाइव्ह पाठवणारे) एकाचं कामच ते, दर थोड्या वेळाने एमसीआरला फोन करून उरलेली पथकं सांगायची.

अजून एक, तो फोनवर 'संपलं' म्हणाला म्हणून लगेच कापू नका. मोबाइल बाँडिंगवरून (अनेक सिमकार्डांचं नेट एकत्र जोडून) येणारं चित्र काही सेकंद मागे असतं, गर्दीत नेटवर्क तुंबलं की आणखी. मॉनिटरवर दिसेल तेव्हाच टेक.

टेपवाला_म्हापसा
बरोबर. आणि फोंडेकर बाब, 'थेट प्रक्षेपण'ची पट्टी तपासा. इव्हेंट संपायच्या अमुक सेकंद आधी काढायची अशी लावलेली असेल तर बऱ्याच सिस्टिममध्ये ती लिहिलेल्या तीन तासांच्या हिशोबाने निघून जाते, लाइव्ह चालूच असतं. पुढच्या इव्हेंटच्या सुरुवातीला काढायची कमांड बांधा, ब्रेकच्याही.