शिष्यवृत्तीइतकाच तासांचाही विचार व्हावा

एकांनी लिहिलंय की घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती मिळाली की ती कॉलेजात टिकतील. पैसा लागतोच, पण माझ्या पाहण्यात ही मुलं अडतात ती वेळेपाशी.

आमच्या खानापूर भागातली एक मुलगी वडिलांना डायलिसिसला बेळगावला नेते. आठवड्यातून दोनदा, मशीनवर चार-चार तास, वर येणं-जाणं. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस मोफत आहे, त्यामुळे २०२३ पासून तिचं तिकीट वाचतं, वडिलांचं काढावंच लागतं. पण बुडालेल्या तासांचं काय? ७५ टक्के हजेरी भरत नाही. तिच्या कॉलेजात दाखला चालतो तो विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आजाराचा, बापाच्या नाही. हा नियम आधी बदलायला हवा, आणि त्यासाठी पालकांनी प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावेत.

तोवर शिक्षण सोडू नका, इग्नू, म्हणजे घरबसल्या शिकता येणारं मुक्त विद्यापीठ, बघा. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांत पूर्ण करता येते, जूनचा पेपर राहिला तर डिसेंबरला देता येतो. मराठी शाळेतून आलेल्यांना इंग्रजी-हिंदी पुस्तकं जड जातात हे खरं. गावातल्या एखाद्या गुरुजींनी रविवारी दोन तास बसवलं तरी मोठा आधार होतो.

नोकरीबाबत बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांना कळकळीची विनंती: अशा पोरांना एकच ठरलेली पाळी द्या. पाळी फिरती असली की घरचं औषधपाणी कोलमडतं, पोरगं काम सोडतं, आणि वर ‘ही पोरं टिकत नाहीत’ असा शिक्का बसतो.