सोसायटी ग्रुप: ७ व्या लॅपला आत का नाही आले?

ओंकार, बी-२०१: एफ-वन (फॉर्म्युला वन) रेस बघणाऱ्यांना एक प्रश्न. कतार २०२५. ५७ लॅप्सची (फेऱ्यांची) रेस, ७ व्या लॅपला सेफ्टी कार, म्हणजे ट्रॅकवर धोका असताना सगळ्यांना मागे घेऊन हळू चालणारी गाडी. जवळजवळ सगळ्या गाड्या टायर बदलायला आत, म्हणजे पिटमध्ये, गेल्या आणि मॅकलारेनच्या दोन्ही गाड्या बाहेरच राहिल्या. तिथे बसलेल्यांना वजाबाकी येत नव्हती का?

मुग्धा, सी-१०३: येत होती, म्हणूनच घोळ झाला. त्या रेसला सक्ती होती की एक टायर सेट जास्तीत जास्त २५ लॅप्सच वापरायचा. आधीच्या सत्रांत पळवलेले लॅप्स त्यात धरायचे, सेफ्टी कारमागचेही धरायचे. ग्रिडकडे (सुरुवातीच्या रांगेकडे) जातानाचे, फॉर्मेशन लॅपचे (स्टार्टआधीच्या सावकाश फेरीचे) आणि रेस संपल्याच्या झेंड्यानंतरचे तेवढे सोडायचे. आता ५७ वजा ७ म्हणजे ५०, म्हणजे बरोबर २५ आणि २५. जो ७ व्या लॅपला आत गेला त्याचा दुसरा थांबा ३२ व्या लॅपलाच. एक लॅप अलीकडे नाही, पलीकडे नाही. मॅकलारेनला असं बांधून घ्यायचं नव्हतं.

कुलकर्णी काका, ए-४०२: मोकळीक कशासाठी ठेवायची? दुसरी सेफ्टी कार येईल म्हणून. म्हणजे दारात उभी असलेली सोडायची आणि न आलेलीची वाट बघायची! ५७ लॅप्सला तीन सेट लागणारच होते, दोन थांबे कुणालाच चुकणार नव्हते. पिटलेनमध्ये (टायर बदलायच्या गल्लीत) वेग ताशी ८० किमीवर बांधलेला. एरवी बाहेरचे सुसाट जातात म्हणून थांबा महाग पडतो. सेफ्टी कारखाली बाहेरचेही रेंगाळत असतात, त्यामुळे तोच थांबा साधारण निम्म्या किमतीत होतो. सक्तीचा खर्च निम्म्यात होत असेल तर करून टाकायचा.

ओंकार, बी-२०१: मग एकाला आत आणि एकाला बाहेर का नाही ठेवलं?

मुग्धा, सी-१०३: खरी गाठ तिथेच आहे. मॅकलारेनचा पिआस्ट्री पहिला, मध्ये रेड बुलचा व्हर्स्टॅपन, मग मॅकलारेनचाच नॉरिस. पिटमध्ये टीमची जागा एकच. दोघांना एकाच लॅपला आणलं तर मागच्याला पुढच्याचे टायर बसेपर्यंत ताटकळावं लागतं. त्यात मागून येणाऱ्या गाड्यांसमोर बाहेर सोडता येत नाही, की अजून चार-दोन सेकंद गेले. एकालाच आणलं तर दुसऱ्यावर अन्याय, आणि दोघेही विजेतेपदाच्या शर्यतीत. समान वागणूक हे त्या टीमचं धोरण. माझ्या मते त्यांना वजाबाकीने नाही, त्या धोरणाने अडवलं. शेवटी व्हर्स्टॅपन पहिला, पिआस्ट्री दुसरा, नॉरिस चौथा. हंगामाच्या अखेरीस नॉरिस ४२३, व्हर्स्टॅपन ४२१. दोन गुणांनी वाचले.

शिल्पाताई, डी-५०४: फेरारीला असले प्रश्न पडत नसत. 😄 २००२ ला ऑस्ट्रियात बारिकेलोला शेवटच्या क्षणी शूमाकरसाठी बाजूला केलं, त्यावर एवढा गदारोळ झाला की २००३ पासून टीम ऑर्डरवर, म्हणजे टीमने आपल्याच ड्रायव्हरला जागा सोडायला सांगण्यावर, बंदीच आली. मग सगळे कोड्यात बोलायला लागले. २०१० ला हॉकेनहाइमला फेरारीने मासाला फक्त एवढंच कळवलं की अलोन्सो तुझ्यापेक्षा वेगवान आहे. काय ते तो समजला. एक लाख डॉलर दंड झाला, निकाल मात्र तसाच राहिला. पाळून घेता येत नाही असा नियम कशाला, म्हणून २०११ पासून बंदी काढली.

पाटील, सेक्रेटरी: मध्येच बोलतो. उद्या ११ ते १ टाकी साफ करणार आहेत, पाणी भरून ठेवा. चालू द्या.

ओंकार, बी-२०१: 👍 काका, २०२६ च्या इंजिनाचं काय? सगळे म्हणतात आता ड्रायव्हर बॅटरीच सांभाळत बसतो.

कुलकर्णी काका, ए-४०२: आकडे बघ म्हणजे कळेल. २०१४ ते २०२५ : १.६ लिटर व्ही-६ टर्बो, सोबत दोन इलेक्ट्रिक यंत्रं. एमजीयू-के मागच्या चाकांशी जोडलेलं, १२० किलोवॅटचं. एमजीयू-एच टर्बोच्या दांड्यावर, एक्झॉस्टच्या उष्णतेतून वीज काढणारं. बॅटरीतून के ला एका लॅपमध्ये ४ मेगाज्यूल, म्हणजे ४००० किलोज्यूल. ४००० भागिले १२०, म्हणजे ३३ सेकंद. शिवाय एच कडून के ला थेट जाणारी वीज मोजदादीबाहेर.
२०२६ ला एच काढून टाकलं, के ३५० किलोवॅटचं केलं. बॅटरीची वापरायची मर्यादा मात्र ४ मेगाज्यूलच राहिली. ४००० भागिले ३५०, म्हणजे ११.४ सेकंदांत रिकामी.

मुग्धा, सी-१०३: आणि इंजिनाचा वाटा घटून साधारण ४०० किलोवॅटवर आला. पूर्वी इंधन ताशी १०० किलो मोजत, आता ऊर्जेत मोजतात: ताशी ३००० मेगाज्यूल. म्हणजे जवळपास निम्मी ताकद बॅटरीची, आणि ती लॅपमध्ये पुन्हापुन्हा भरावी लागते. मूळ नियमावलीत लॅपमागे ८.५ मेगाज्यूलपर्यंत भरायला परवानगी, काही ट्रॅकवर त्याहून कमी. पूर्ण ८.५ मिळाले तरी ३५० किलोवॅटने २४ सेकंदच पुरतात, आणि लॅप असतो ८०-९० सेकंदांचा.

ओंकार, बी-२०१: ब्रेकमधून तेवढी भरत नाही?

कुलकर्णी काका, ए-४०२: जिथे जोरात ब्रेक लागतात तिथे बरीच भरते. मोंझासारख्या ठिकाणी ब्रेकच्या जागाच मोजक्या. मग दोन मार्ग. एक, वळणाआधीच पाय उचलून गाडी वाहू द्यायची. दुसरा, पाय पूर्ण दाबलेला असताना सरळ पट्ट्याच्या शेवटी इंजिनाची ताकद के कडे वळवून वीज बनवायची. बघणाऱ्याला वाटतं गाडी बिघडली, कारण पूर्ण थ्रॉटलवर वेग घसरतो. तो बिघाड नसतो, सॉफ्टवेअरने ठरवून केलेली भरणी असते.
एच गेल्याचा आणखी एक फटका स्टार्टला. पूर्वी टर्बो विजेने फिरवून तयार ठेवता यायचा. आता फक्त एक्झॉस्टने फिरवायचा, म्हणून ग्रिडवर आधीपासून आरपीएम चढवून धरावे लागतात. कमी पडले की क्लच सोडल्यावर गाडी ढिम्म.

शिल्पाताई, डी-५०४: डीआरएस (मागच्या गाडीला मागचा पंख उघडून वेग वाढवू देणारी सोय) पण गेलं ना? मग ओव्हरटेक कसं करायचं?

मुग्धा, सी-१०३: पंख आता सगळ्यांचेच सरळ पट्ट्यावर उघडतात, त्यामुळे त्यात मागच्याला वेगळा फायदा नाही. फायदा विजेत आहे. नेहमीच्या मोडमध्ये २९० किमीच्या पुढे के ची ताकद उतरत जाते. सूत्र सोपं आहे: १८०० वजा वेगाची पाचपट. ३२० ला १८०० वजा १६००, म्हणजे २०० किलोवॅट. ३४० च्या पुढे आणखी झपाट्याने उतरते, ३४५ ला शून्य. ठरलेल्या जागी पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असलात तर तुम्हाला ३३७ पर्यंत पूर्ण ३५० मिळतात, वर अर्धा मेगाज्यूल जास्त. म्हणजे ३२० च्या वेगाला तुमच्याकडे १५० किलोवॅट, साधारण २०० हॉर्सपॉवर जास्त.

कुलकर्णी काका, ए-४०२: आणि ते चुकीच्या पट्ट्यावर उधळलं की पुढे जाऊन बॅटरी रिकामी. पुढच्याच पट्ट्यावर तो परत तुमच्या पुढे. पूर्वी अंडरकट (पुढच्याच्या आधी टायर बदलून त्याला गाठणं) कधी करायचा हे पिटच्या भिंतीवर बसलेले टीमचे लोक ठरवायचे, आता तसंच कुठल्या पट्ट्यावर किती खर्चायचं तेही आधी बसवून द्यावं लागतं.

ओंकार, बी-२०१: आणि ते इंजिन पेनल्टीचं? पात्रता फेरीत सर्वात वेगवान वेळ लावून १४ व्या जागेवरून सुरुवात कशी?

शिल्पाताई, डी-५०४: स्पा (बेल्जियमचा ट्रॅक) २०२२, व्हर्स्टॅपन. त्या हंगामात माणशी ३ इंजिनं. चौथं घेतलं की दंड: एखाद्या भागाचा कोटा पहिल्यांदा ओलांडला की १० जागा, नंतर ५. बेरीज १५ च्या वर गेली की थेट मागे. म्हणून मागे जायचंच आहे तर टर्बो, के, बॅटरी सगळं एकदम नवं घ्यायचं. दंड तोच राहतो आणि पुढच्या रेससाठी साठा तयार होतो. ट्रॅकही असा निवडायचा जिथे पुढे जाता येतं. मोनॅकोत कुणी मुद्दाम घेणार नाही. स्पाला त्या दिवशी बरेच जण दंडवाले होते, त्यामुळे तो १४ व्या जागेवर आला. आणि तिथून जिंकला.

मुग्धा, सी-१०३: स्पाचाच दुसरा किस्सा, २०२४. मर्सिडीजचा रसेल एका थांब्यात जिंकला आणि मग बाद झाला. किमान वजन ७९८ किलो, इंधन उपसल्यावर गाडी ७९६.५ भरली. एकच सेट लांबवला की रबर झिजतं, तेवढं वजन कमी होतं. इतर ट्रॅकवर झेंड्यानंतरच्या सावकाश लॅपला ड्रायव्हर कडेला पडलेलं रबर टायरला चिकटवून थोडं वजन भरून काढतात. स्पाला तो पूर्ण लॅप मारतच नाहीत, लगेच वळून पिटमध्ये येतात. एक थांबा ठरवणाऱ्याने दोन किलो वजन आधीच राखून ठेवायला हवं होतं.

कुलकर्णी काका, ए-४०२: इंधनाचंही तसंच. रेसनंतर तपासणीला टाकीतून १ लिटर निघालाच पाहिजे. हंगेरी २०२१ ला वेटेल दुसरा आला, निघालं ०.३ लिटर. टीम म्हणत होती हिशेबाने आत दीड लिटरच्या वर आहे. नंतर त्यांच्याच डेटात निघालं की गळती होती आणि इंधन रेसमध्येच वाया गेलं होतं. तरी बाद ते बादच. नियम आत किती आहे ते विचारत नाही, बाहेर किती निघालं तेवढंच बघतो.

ओंकार, बी-२०१: म्हणजे मॅकलारेनने एकालाच आत आणायचं, तर तुम्ही कुणाला आणलं असतं?

शिल्पाताई, डी-५०४: पिआस्ट्रीला. पुढे असलेल्याला आधी, ही जुनी रीत. नॉरिसने एक लॅप रागवायचं.

मुग्धा, सी-१०३: दोघांनाही. ताटकळून गेलेले सेकंद पूर्ण किमतीच्या थांब्यापेक्षा स्वस्तच पडले असते.